मेडिकल शेवटी असतं, तयारी तिथूनच सुरू करा

अग्निवीर भरतीची रांग ठरलेली आहे. आधी ऑनलाइन अर्ज, मग कॉम्प्युटरवर लेखी परीक्षा, त्यात नाव आलं की रॅली, म्हणजे मैदानावरची भरती. रॅलीत धावणं, बीम म्हणजे दांड्याला लटकून पुलअप, उडी मारून ओलांडायचा खड्डा, उंची-छाती, कागदपत्रं, आणि सगळ्यात शेवटी मेडिकल. आपली पोरं तयारी कशाची करतात? धावण्याची. पारोळा घ्या, शहादा घ्या, नाहीतर चाळीसगाव. पहाटे साडेचारला रस्त्याच्या कडेने बनियनवर पळणारी पोरं दिसणारच. दोन-दोन वर्षं पळतात आणि मेडिकलच्या टेबलावर रंगीत ठिपक्यांतला आकडा वाचता येत नाही म्हणून घरी येतात. रंगांधळेपणा बहुतेक वेळा जन्मजात असतो, त्यावर उपचार नाही, आणि तो कळायला डोळ्यांच्या डॉक्टरकडे दहा मिनिटं पुरतात. ती दहा मिनिटं पहिल्या आठवड्यात काढली असती तर पोराने पळायच्या आधीच ठरवलं असतं की कोणत्या ट्रेडला, म्हणजे कोणत्या कामाच्या पदाला बसायचं, की सरळ दुसरी वाट धरायची.

म्हणून माझं सांगणं असं की रांग ज्या क्रमाने आहे त्याच्या उलट्या क्रमाने तयारी करा. मेडिकल आधी, मग कागदपत्रं, मग लेखी, आणि पळणं रोजचं आहेच.

मेडिकलला पोरं कशात जातात ते एकेक बघू.

गुडघे. सरळ उभं राहायचं, दोन्ही गुडघ्यांच्या आतल्या बाजू नुसत्या टेकू द्यायच्या, दाबायच्या नाहीत, आणि दोन्ही घोट्यांच्या आतल्या हाडांमधलं अंतर पट्टीने मोजायचं. पुरुषांसाठी ५ सेंटीमीटरच्या वर अंतर गेलं की नॉक नी म्हणून बाद. जाड मांड्यांच्या पोराचे गुडघे मांसामुळे लवकर टेकतात आणि अंतर उगाच वाढतं. अशा पोराने वजन कमी केलं की माप बदलतं. पण हाडाचाच कोन असेल तर रात्री गुडघ्यांमध्ये उशी बांधून किंवा कुणा मास्तरने दाखवलेल्या ‘खास व्यायामा’ने वाढ पूर्ण झालेल्या पोराचं हाड सरळ होत नाही. त्यासाठी पैसे घेणाऱ्यापासून लांब राहा.

तळपाय. ओल्या पायाने फरशीवर उभं राहून ठसा बघायचा. पूर्ण तळवा उमटला तर लगेच घाबरायचं कारण नाही. चवड्यांवर उभे राहा. टाच उचलल्यावर तळव्याची कमान दिसली तर पाय लवचिक आहे, आणि असा पाय सहसा अडत नाही. चवड्यांवर उभं राहूनही कमान येत नसेल तर मात्र हाडांच्या डॉक्टरला दाखवा.

कोपर. हात सरळ खाली सोडून तळवे पुढे केले की कोपरापाशी हात थोडा बाहेर वळतो. हा कोन पुरुषांमध्ये १५ अंशांपेक्षा जास्त असला की अडचण. लहानपणी झाडावरून पडून कोपर मोडलेलं आणि गावातल्या हाडवैद्याने बसवलेलं असेल तर हे हमखास तपासून घ्या.

कान. आपल्याकडे उन्हाळा म्हणजे विहिरीत उड्या. पाणी कानात जातं, कान वाहतो, आई गोडंतेल कोमट करून टाकते, आणि पडद्याला भोक असेल तर ते तसंच राहतं. मळ ही साधी गोष्ट आहे, पण तो काडीने किंवा किल्लीने काढायला गेलात की खरचटतं आणि मेडिकलच्या दिवशी डॉक्टरला लाल सुजलेला कान दिसतो. कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे मेडिकलच्या आठ-दहा दिवस आधी साफ करून घ्या, आदल्या दिवशी नाही. पडद्याला भोक निघालं तर ऑपरेशन आणि ते भरून यायला लागणारा वेळ धरून पुढच्या वर्षीचा हिशोब करावा लागतो. तेच हायड्रोसील, हर्निया, व्हेरिकोसील, मूळव्याध यांचं. या तक्रारी लाजेपोटी लपवल्या जातात. तिथे कपडे काढूनच तपासणी होते, त्यामुळे लपत काही नाही.

कातडी. मांडीतलं गजकर्ण ही पळणाऱ्या पोरांची नेहमीची डोकेदुखी. घामाचा लंगोट, ओली चड्डी, एकच टॉवेल चौघांत. औषधाच्या दुकानातून नाव न विचारता जी ट्यूब मिळते तिच्यात बऱ्याचदा स्टिरॉइड असतं. दोन दिवस खाज थांबते, मग चट्टा दुप्पट पसरतो आणि नेहमीच्या औषधाला दाद देत नाही. त्वचेच्या डॉक्टरचं औषध सांगितलं तितके आठवडे पूर्ण घ्यावं लागतं, खाज थांबली म्हणून सोडायचं नाही.

तोंड आणि दात. दातांचे गुण मोजतात, किमान १४ लागतात. पुढचे दात एकेक गुणाचे, दाढा दोन-दोन गुणांच्या. किडलेली दाढ उपटून टाकण्यापेक्षा भरून घेतलेली बरी. खरा घोळ गुटख्याचा आहे. विमल खाणाऱ्या अठरा वर्षांच्या पोराचं तोंड पूर्ण उघडत नाही, गालाच्या आत पांढरट पट्टे येतात. स्वतःची तीन बोटं उभी धरून तोंडात जातात का ते आरशासमोर बघा. जात नसतील तर विषय भरतीच्याही पुढचा आहे, दंतवैद्याकडे जा.

गोंदण. हाताच्या आतल्या बाजूला, कोपरापासून मनगटापर्यंत, आणि तळहाताच्या मागे छोटं गोंदण चालतं. छातीवर, मानेवर, दंडावर काढलेलं चालत नाही. मान्यताप्राप्त आदिवासी भागातल्या उमेदवारांना त्यांच्या रूढीप्रमाणे असलेल्या गोंदणाची सवलत आहे. म्हणजे अक्कलकुव्याच्या पावरा पोराचं परंपरेचं गोंदण चालू शकतं, पण जळगावच्या पोराने दंडावर काढलेला वाघ नाही. लेझरने पुसलेल्या टॅटूचाही डाग राहतो. यात्रेत मशीन लावून बसलेल्याकडे हात पुढे करण्याआधी हे आठवा.

आता जी गोष्ट खानदेशात कुणी बोलत नाही ती. सिकलसेल. सातपुड्याच्या पट्ट्यात, नंदुरबार जिल्ह्यात, शिरपूर-साक्री-चोपडा-यावलच्या आदिवासी पाड्यांवर हा रक्तातला दोष बऱ्याच जणांत आहे. दोन्ही आईवडिलांकडून आला तर माणूस रुग्ण असतो, एसएस. एकाकडूनच आला तर वाहक, एएस. वाहकाला एरवी काहीच त्रास नसतो, त्यामुळे त्याला स्वतःलाही माहीत नसतं. पण कडक ऊन, अंगात पाणी कमी आणि जीव तोडून पळणं हे तिन्ही एकत्र आलं की वाहकाच्या रक्तपेशीही वाकड्या होऊ शकतात, स्नायू फुटतात, पोरगं कोसळतं. हे साध्या चक्करीसारखं दिसतं, पण नसतं. मांड्या आणि कंबर अचानक दुखून पाय गळाले आणि पोरगं खाली बसलं, तर त्याला ‘ऊठ, नाटक करू नको’ म्हणून उठवणारा मास्तर त्याच्या जिवावर उठतो. प्राथमिक आरोग्य केंद्रात सोल्युबिलिटीची चाचणी होते, ती पॉझिटिव्ह आली की पुढची पक्की चाचणी करून एएस की एसएस ते कळतं. केंद्र सरकारचं सिकलसेल निर्मूलन अभियान १ जुलै २०२३ पासून सुरू आहे, आश्रमशाळांत तपासण्या झाल्या आहेत, कार्डं वाटली आहेत. ते कार्ड शोधा. नसेल तर पळायला सुरुवात करण्याआधी तपासून घ्या आणि जो पळवतो त्याला सांगा. १८२५ साली जेम्स आउट्रमने धरणगावात भिल्ल पलटण उभी केली, ती याच डोंगरातल्या माणसांच्या पायांवर. दमसास आजही आहे, फक्त रक्त एकदा तपासलेलं असावं.

याच पोरांसाठी आणखी एक. महाराष्ट्रात जनरल ड्यूटीला, म्हणजे साध्या शिपायाच्या पदाला, उंची १६८ सेंटीमीटर लागते, पण मान्यताप्राप्त आदिवासी भागातल्या आदिवासी उमेदवाराला १६२ पुरते. ही सवलत आपोआप लागत नाही. सक्षम अधिकाऱ्याचं जमातीचं प्रमाणपत्र उंची मोजण्याच्या टेबलावर हातात असावं लागतं. फौजी किंवा माजी फौजीच्या मुलाला उंचीत २ सेंटीमीटरची सूट आहे, त्यालाही नात्याचा दाखला लागतो. छाती ७७ आणि फुगवून ५ सेंटीमीटर जास्त. उंची सकाळी उठल्यावर सगळ्यात जास्त असते आणि दिवसभरात सुमारे एक सेंटीमीटर कमी होते. काठावरच्या पोराने घरी संध्याकाळी मोजून १६८ भरत असेल तरच निश्चिंत राहावं.

मेडिकलला अनफिट आलं तरी तिथेच खेळ संपत नाही. पुन्हा तपासणीसाठी लष्करी रुग्णालयाची चिठ्ठी मिळते, तिच्यावर कुठे आणि किती दिवसांत जायचं ते लिहिलेलं असतं. घरी येऊन चार दिवस तोंड लपवून बसलेल्या पोराची मुदत तशीच निघून जाते. चिठ्ठी वाचा, मधल्या दिवसांत त्या एका तक्रारीच्या तज्ज्ञाला दाखवा आणि वेळेत पोहोचा.

कागदपत्रांकडे वळू. इथे पोरं जातात ती आळसाने नाही, नावाच्या स्पेलिंगने.

दहावीच्या मार्कलिस्टवर आपल्या बोर्डाच्या पद्धतीने आडनाव आधी येतं, मग नाव, मग वडिलांचं नाव. आधारवर नाव आधी. हा क्रमाचा फरक एकवेळ समजावून सांगता येतो. पण मार्कलिस्टवर चौधरी एका स्पेलिंगचे आणि आधारवर दुसऱ्या, वडिलांच्या नावात एकीकडे ‘भाई’ आणि दुसरीकडे नाही, कुठे ‘सिंग’ आहे कुठे ‘सिंह’, हे गिरासे-राजपूत-पाटील मंडळींच्या घरात हमखास. सैन्य दहावीचं प्रमाणपत्र प्रमाण मानतं. म्हणून दुरुस्ती आधारमध्ये करायची, मार्कलिस्टशी जुळवून. आधारवर नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं आणि जन्मतारीख एकदाच, तेव्हा सेंटरवाल्याने टाइप केलेलं पावती घेण्याआधी स्क्रीनवर स्वतः वाचा. मार्कलिस्टच चुकली असेल तर शाळेमार्फत नाशिक विभागीय मंडळाकडे अर्ज जातो. जळगाव, धुळे, नंदुरबार हे तीनही जिल्हे त्याच मंडळात येतात आणि या कामाला महिने लागतात. आईचं नावही बघा. ते चुकलेलं असतं आणि कुणाचं लक्ष नसतं.

अर्ज सायबर कॅफेत भरताना कॅफेवाला घाई म्हणून स्वतःचा ईमेल आणि कधीकधी मोबाइल नंबरसुद्धा टाकतो. ॲडमिट कार्ड त्या ईमेलला जातं, कॅफेवाला लग्नाला गेलेला असतो, आणि पोरगं दुसऱ्यांचे निकाल बघत बसतं. ईमेल स्वतःचा, पासवर्ड वहीत लिहिलेला, मोबाइल आधारला जोडलेला आणि रिचार्ज चालू असलेला. अर्ज भरायची अधिकृत जागा एकच आहे, जॉइन इंडियन आर्मीची सरकारी साइट, आणि फी २५० रुपये. त्यापेक्षा जास्त मागितले तर ते भरणावळ आहेत, फी नाही.

रॅलीच्या फायलीत दहावी-बारावीच्या मूळ मार्कलिस्ट आणि प्रमाणपत्रं, डोमिसाइल, जातीचा दाखला, शाळेचा आणि सरपंचांचा किंवा पोलिसांचा चारित्र्याचा दाखला, अविवाहित असल्याचा दाखला, प्रतिज्ञापत्र, आधार, पॅन, बँक पासबुक, असेल तर एनसीसी किंवा खेळाचं प्रमाणपत्र. चारित्र्याचा आणि अविवाहितचा दाखला सहा महिन्यांच्या आतला हवा. सरपंचांचा दाखला फोटो चिकटवून, फोटोवर अर्धा आणि कागदावर अर्धा असा शिक्का मारून घ्या. नुसत्या लेटरहेडवर ‘ओळखतो’ एवढं लिहून आणलेला दाखला परत येतो. प्रतिज्ञापत्र नोटिफिकेशनमधल्या नमुन्यातच हवं. कोर्टाबाहेरच्या टायपिस्टकडे पोलीस भरतीचा नमुना तयार असतो, तो देऊ नका. फोटो वीसेक न्या, तीन महिन्यांच्या आतले, पांढरी पार्श्वभूमी, मोबाइलवर गोरे केलेले नकोत. सेतूत दाखल्यांची गर्दी जूनमध्ये ॲडमिशनमुळे फुगते, त्यामुळे डोमिसाइल आणि जातीचा दाखला हिवाळ्यातच काढून ठेवा.

जनरल ड्यूटीला दहावी एकूण ४५ टक्के आणि प्रत्येक विषयात ३३ लागतात. टेक्निकलला बारावी विज्ञान ५० टक्के, प्रत्येक विषयात ४०. क्लार्कला बारावी ६० टक्के, प्रत्येक विषयात ५०. ट्रेड्समनमध्ये काही कामांना आठवी पासही चालतं.

लेखीबद्दल थोडक्यात. २०२३ पासून लेखी आधी आणि ग्राउंड नंतर झालं. त्याआधी उलटं होतं, आणि गावातले जुने फौजी अजून तोच क्रम सांगतात, म्हणून पोरं पुस्तक उघडत नाहीत. जनरल ड्यूटीला एका तासात ५० प्रश्न, १०० गुण: सामान्यज्ञान १५, विज्ञान १५, गणित १५, बुद्धिमत्ता ५. बरोबर उत्तराला २ आणि चुकीच्या उत्तराला अर्धा गुण वजा. २०२५ पासून पेपर मराठीतही देता येतो. तो पर्याय अर्जातच निवडायचा असतो, तिथे सवयीने हिंदी निवडू नका. वजा गुणांची भीती जास्तच पसरवली जाते. चारपैकी दोन पर्याय नक्की चुकीचे आहेत हे कळत असेल, तर उरलेल्या दोनांत ठोकलं तरी सरासरी पाऊण गुण पदरात पडतो. अगदी काहीच कळत नसताना ठोकण्यात जवळपास काही मिळत नाही, तिथे वेळ घालवू नका. खरी अडचण माऊसची आहे. ज्याने आयुष्यात फक्त मोबाइल वापरला त्याचे पहिले दहा प्रश्न माऊस हलवण्यात जातात. कॉम्प्युटर असलेल्या मित्राकडे चार संध्याकाळी बसून सराव पेपर सोडवा.

आता ग्राउंड. १६०० मीटर म्हणजे ४०० मीटरच्या ट्रॅकच्या चार फेऱ्या. सध्याच्या पद्धतीत साडेपाच मिनिटांत आलात तर ६० गुण, ५:४५ पर्यंत ४८, ६:०० पर्यंत ३६, ६:१५ पर्यंत २४. बीमवर १० पुलअपना ४०, नऊला ३३, आठला २७, सातला २१, सहाला १६. नऊ फुटांचा खड्डा आणि झिगझॅग बॅलन्स हे नुसते पास करायचे. क्लार्क आणि टेक्निकलला धावण्याचे गुण धरत नाहीत, तिथे फक्त पात्र व्हायचं असतं.

या आकड्यांचा अर्थ असा की पहिल्या तीन गटांत एका सेकंदाने गट चुकला की १२ गुण जातात, आणि एका पुलअपचे साधारण ५ ते ७. त्यामुळे ५:४७ ला येणाऱ्याने आधी ते दोन-चार सेकंद मिळवावेत, मग बीमच्या मागे लागावं. आणि जो आरामात ५:३५ ला येतो पण बीमवर सातवर अडकतो, त्याला पळण्यापेक्षा हातांवर मेहनत जास्त देईल.

साडेपाचसाठी फेरी सरासरी साडेब्याऐंशी सेकंदांची लागते. पोरं पहिली फेरी ७० मध्ये मारतात, कारण शिट्टी झाली की गर्दी उसळते आणि मागे पडायची भीती वाटते. तिसऱ्या फेरीत ९५ होतात आणि शेवटी ५:५० ला येतात. ८०, ८३, ८४, ८१ अशी पळालात तर ५:२८ होतात. तिसरी फेरी सगळ्यांनाच जड जाते, ती ८६ च्या खाली राखणं हाच सगळा खेळ. यासाठी फेरीची वेळ अंगात बसवावी लागते. मित्राला स्टॉपवॉच देऊन प्रत्येक २०० मीटरला ओरडायला लावा: ४०, ४१, ४१. घड्याळ न बघता आपण किती सेकंदांत आलो ते सांगायला लावा. महिन्याभरात अंदाज एका सेकंदावर येतो.

आठवड्याची आखणी साधारण तीन-साडेतीन महिन्यांची धरा. पहिले चार आठवडे नुसतं सावकाश पळणं, बोलता येईल इतक्या वेगाने, ४ ते ५ किलोमीटर, आठवड्यातून चार दिवस. पाचव्या आठवड्यापासून एक दिवस ४०० मीटरच्या सहा ते आठ फेऱ्या, प्रत्येक ८२ ते ८४ सेकंदांत, मध्ये दोन मिनिटं चालणं. दुसऱ्या एका दिवशी ८०० मीटर तीनदा, २:४५ च्या आसपास, मध्ये चार मिनिटं. बाकी दिवस सावकाश. आठवड्यातून एक दिवस पूर्ण सुट्टी. पंधरा दिवसांतून एकदाच पूर्ण १६०० ची वेळ लावायची. रोज १६०० टाइम लावणारी पोरं तिसऱ्या आठवड्यात अडकतात आणि मग नडगी धरून बसतात.

नडगी दुखण्याचं कारण बहुतेक वेळा अचानक वाढवलेलं अंतर, डांबरी रस्ता आणि झिजलेले बूट. आपल्या काळ्या रानात उन्हाळ्यात भेगा पडतात, तिथे घोटा मुरगळतो. पावसाळ्यात तीच माती बुटाला किलोभर चिकटते. मुरमाचा शिवाररस्ता, पाटाच्या कडेची वाट, शाळेचं मैदान, यातलं काहीही डांबरापेक्षा बरं. दुखणं नडगीभर पसरलेलं असेल तर आठवडाभर अंतर कमी करून, बर्फ लावून बसतं. पण एका बोटाने दाखवता येईल अशा एकाच जागी हाडावर दाबल्यावर कळ येत असेल, एका पायावर उडी मारताना चमक जात असेल, तर हाडाला बारीक तडा असू शकतो. एक्स-रेत तो सुरुवातीला दिसत नाहीसुद्धा. तिथे पळणं बंद, डॉक्टर. पेनकिलर खाऊन पळणारा पोरगा तोच तडा पूर्ण मोडून घेतो.

बीमवर हात पूर्ण सरळ सोडून लटकणं, हनुवटी दांड्याच्या वर, झोका नाही, पाय मारणं नाही. अर्धा हात वाकवून मारलेले मोजत नाहीत, आणि अकॅडमीत ‘बारा मारतो’ म्हणणारा रॅलीत सहावर येतो तो यामुळेच. एकही न येणाऱ्याने स्टुलावरून वर चढून हनुवटी दांड्यावर ठेवावी आणि पाच सेकंद घेत खाली यावं, असे पाच, तीनदा, दिवसाआड. तीन-चार येऊ लागले की एक, दोन, तीन, पुन्हा एक, दोन, तीन असे चढते सेट. पाइप थोडा जाड घ्या. पातळ पाइपवर सवय झालेली पकड जाड दांड्यावर सुटते.

ऊन. भुसावळ-जळगावकडे एप्रिल-मेमध्ये पारा ४४-४५ ला जातो. सकाळी सात नंतर वेगाचं पळणं करू नका. आदल्या संध्याकाळपासून पाणी प्या, पहाटे घटाघटा पिऊन पळालात तर पोटात कळ येते. पळून आल्यावर लिंबू-मीठ-साखरेचं पाणी. एखादा पळताना असंबद्ध बोलायला लागला, दिशा चुकला, तर घाम येत असला तरी तो उष्माघात समजा. सावलीत नेऊन कपडे काढा, अंगावर पाणी ओतत राहा, वारा घाला, आणि १०८ ला फोन. शुद्ध नसलेल्याच्या तोंडात पाणी ओतू नका.

खाण्यासाठी पावडरीच्या डब्यांची गरज नाही. कळण्याची भाकरी, उडदाची किंवा तुरीची डाळ, शेंगदाणे, दूध, अंडी चालत असतील तर दोन, आणि केळी तर आपल्याकडे बांधावर मिळतात. रक्त कमी असेल तर पालेभाजीवर लिंबू पिळा, जेवणाबरोबर चहा बंद करा. पळायच्या आधी ‘दम वाढवायचं’ इंजेक्शन किंवा गोळी कुणी देत असेल तर घेऊ नका. रॅलीत उत्तेजकांची तपासणी होऊ शकते, आणि उन्हात ती गोळी हृदयावर येते.

मुलींसाठी मिलिटरी पोलिसमध्ये जागा असतात. उंची १६२ सेंटीमीटर, १६०० मीटर पहिल्या गटात साडेसात मिनिटं आणि दुसऱ्या गटात आठ, लांब उडी १० फूट, उंच उडी ३ फूट. गावात मुलींना पहाटे पळायला सोबत मिळत नाही, म्हणून चार-पाच जणींनी मिळून शाळेचं मैदान मागून घेतलेलं बरं. आणि त्यांचं हिमोग्लोबिन आधी तपासा.

रॅली बऱ्याचदा रात्रीच सुरू होते, गेट मध्यरात्रीनंतर उघडतं. पोरं आदल्या संध्याकाळी स्टँडवर येऊन वडापाव खातात आणि फुटपाथवर झोपतात. दोन दिवस आधी पोहोचून रात्री जागायची सवय असेल तर फरक पडतो. पळायच्या दोन-अडीच तास आधी दोन केळी आणि थोडं पाणी, बस्स. नवे बूट त्या दिवशी घालायचे नाहीत. सुरुवातीला अगदी पुढे उभे राहू नका, चेंगरून पडतात ते पुढचेच. मधल्या फळीत बाहेरच्या बाजूला राहा. मोबाइल चार्ज करून, डेटा टाकून न्या. शारीरिक चाचणीनंतर ॲडॅप्टेबिलिटी टेस्ट, म्हणजे फौजी जगण्याशी जुळवून घ्याल का ते बघणारी चाचणी, मोबाइलवर घेतात, आणि बंद पडलेल्या मोबाइलने निवड अडलेली पोरं आहेत.

दलालाचं गणित समजून घ्या, म्हणजे कुणी फसणार नाही. तो वीस पोरांकडून पैसे किंवा मूळ मार्कलिस्ट घेतो आणि ‘काम झालं नाही तर परत’ म्हणतो. तो काहीच करत नाही. वीसपैकी दोन-तीन पोरं स्वतःच्या पायांनी लागतात, त्यांचे पैसे तो ठेवतो, बाकीच्यांचे परत करून प्रामाणिक म्हणवून घेतो. गावात ‘पोऱ्या मिल्ट्रीमा लागी गया’ म्हणून पेढे वाटले जातात आणि पुढच्या वर्षी त्याच्याकडे चाळीस पोरं येतात. मूळ कागद कुणाच्याही हातात द्यायचे नाहीत.

आता पैशांचं, कारण घरचे हेच विचारतात. अग्निपथ योजना १४ जून २०२२ ला जाहीर झाली, नोकरी चार वर्षांची. पहिल्या वर्षी महिना ३०,००० ठरलेले, त्यातले ३० टक्के सेवा निधीत, म्हणजे चार वर्षांनी एकरकमी मिळणाऱ्या बचतीत, कापून हातात २१,०००. दुसऱ्या वर्षी ३३,००० पैकी २३,१००, तिसऱ्या वर्षी ३६,५०० पैकी २५,५५०, चौथ्या वर्षी ४०,००० पैकी २८,०००. चार वर्षांत तुमचे कापलेले होतात ५,०२,२००, तितकेच सरकार घालतं, आणि व्याजासकट सुमारे ११.७१ लाख रुपये आयकर न कापता हातात येतात. ४८ लाखांचा विमा आहे, त्याचा हप्ता कापत नाहीत. पेन्शन नाही, ग्रॅच्युइटी नाही. जास्तीत जास्त २५ टक्के जवान पुढे कायम होतात. पहिली तुकडी जानेवारी २०२३ मध्ये ट्रेनिंगला बसली, म्हणजे तिची चार वर्षं २०२७ च्या सुरुवातीला भरतात. केंद्रीय सशस्त्र दलांत माजी अग्निवीरांसाठी राखीव जागा आहेत, वयाची सूटही आहे. पण मधेच मनाने सोडून येता येत नाही, आणि २१,००० च्या भरवशावर घरच्यांनी ट्रॅक्टरचा हप्ता बांधून घेतलेला असला की चौथ्या वर्षाच्या शेवटी तोच हप्ता सेवा निधी खातो. घरी पाठवायची रक्कम पहिल्याच पगाराला ठरवा, आणि ती निम्म्यापेक्षा जास्त नको. निवड होऊन ट्रेनिंगच्या सेंटरवर गेलात, बेळगाव असो, सागर असो की नाशिकरोड, तर पहिल्या आठवड्यात नॉमिनीचा फॉर्म समोर येतो. झोपेत सही करू नका. नॉमिनीचं नाव, जन्मतारीख आणि नातं त्यांच्या आधार आणि पासबुकाशी अक्षर न् अक्षर जुळवून लिहा, आणि त्या दोन्हींचे फोटो निघण्याआधीच मोबाइलमध्ये काढून ठेवा, कारण सेंटरवर मोबाइल सुरुवातीला जमा होतो, तेव्हा एक झेरॉक्सही पेटीत असू द्या.